डावी नळी

हवेची कयाक होडी माळ्यावरून खाली काढायला सूनबाईने कुणाची मदत घेतली नाही. खुर्चीवर चढली, गुंडाळी धरून ओढली, आणि गुंडाळी धप्पकन खाली पडली तशी वर्षभराची धूळ खोलीभर उडाली. माई दारात उभ्या होत्या. त्यांनी नाकाशी हात नेला, पण मागे सरल्या नाहीत.

"टेबल भिंतीला लावते," सूनबाई म्हणाली. "तुमचं जपाचं आसन तेवढं खिडकीकडे सरकवावं लागेल. चालेल ना?"

"न चालायला काय झालं? देव काय दाराशीच येऊन बसतो होय!"

एरवी ती हसली असती. आज तिने नुसती मान हलवली आणि जुनी चादर अंथरून त्यावर ती गुंडाळी उलगडायला घेतली. पिवळं, जाड, रबरासारखं कापड, घडीघडीला चिकटलेलं. सोडवताना चर्र चर्र आवाज येत होता. तो आवाज माईंच्या अंगावर काटा आणत होता, पण त्या बघत राहिल्या.

मागच्या वर्षी याच सुमाराला माईंचा एकुलता एक मुलगा ही हवेची होडी खांद्यावर टाकून तळ्यावर गेला होता. सुट्टीच्या दिवशी जायचा तसाच. दुपारी अचानक वारा उठला. शोधायला गेलेल्या नावाड्यांना आधी होडी सापडली, उलटी झालेली, एकटीच तरंगणारी. तो सापडला दुसऱ्या दिवशी. होडी काठाला आणली तेव्हा तिची उजवी नळी आणि तळ फुगलेले होते, डावी नळी मात्र पार बसली होती. आणि त्याच डाव्या नळीवर पुढच्या बाजूला तळहाताएवढं एक ठिगळ होतं. त्याच्या जाण्याआधी थोडेच दिवस, काट्याने फाटलं होतं तिथे सूनबाईनेच ते लावलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायची, केसाएवढी चूक न करणारे हात तिचे. "बाहेर कशाला न्यायची? घरात कारागीर आहे की," असं म्हणून मुलाने तिच्यापुढे ती होडी ठेवली होती, आणि ती लाजली होती, हे माईंना स्वच्छ आठवत होतं.

नंतर कुणी तिला एक शब्द बोललं नाही. ना नातेवाईक, ना शेजारी. माईही बोलल्या नाहीत. हेच वाईट झालं. कुणी तोंडावर बोललं असतं तर ती भांडली तरी असती, रडली तरी असती. न बोलता सगळ्यांनी ते ठिगळ तिच्या कपाळी चिकटवलं होतं, आणि ती ते घेऊन वर्षभर खाली मान घालून घरात वावरत होती. माईंच्या औषधाची वेळ चुकली नाही, की त्यांच्या अंघोळीच्या पाण्याला उशीर झाला नाही. काही फेडत असावी अशी सेवा होती ती.

आणि आता दुकानाच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या गावातलं नवं दुकान तिच्यावर सोपवायचं ठरवलं होतं. तिने नाही म्हणून कळवलं. मालकीणबाई म्हणाल्या, शेवटचं उत्तर या आठवड्यात दे, नीट विचार करून. त्यावर ती घरी येऊन सरळ माळ्यापाशी गेली होती.

"मला कळायलाच हवं, माई," ती गुडघ्यांवर बसून म्हणाली. "माझं ठिगळ सुटलं असेल तर मी इथून हलणार नाही. कुठल्या तोंडाने हलू? आणि नसेल सुटलं, तर... तर निदान ठाऊक होईल."

 माईंनी चादरीचा एक दुमडलेला कोपरा सरळ केला.

संध्याकाळी सायकलवाला आला. कोपऱ्यावर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान, आणि मुलाचा शाळेपासूनचा मित्र. पायपंप, साबणाचं पाणी, रंगाचा जुना ब्रश, सगळा संसार घेऊन आला होता.

"वहिनी, ट्यूब असती तर घमेल्यात बुडवून क्षणात सांगितलं असतं," तो पंपावर पाय मारत म्हणाला. "हिला बुडवायला घमेलं कुठून आणू?"

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, भाऊजी."

"म्हणजे मी घमेलं!"

माईंना हसू आलं. कितीतरी दिवसांनी या खोलीत कुणी मोठ्याने बोलत होतं. नळ्या फुगत गेल्या. आधी उजवी, मग तळ, मग डावी. बैठकीच्या खोलीत ती होडी अशी मावली की तिघांनाही भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागलं. सूनबाईने ब्रश साबणात बुडवला आणि डाव्या नळीवरून फिरवायला सुरुवात केली. पुढच्या टोकापासून मागच्या कडीपर्यंत, वीतभर वीतभर, भिंग पुसावं तशी. जिथून हवा निघते तिथे बुडबुडे धरतात, एवढं तर माईंनाही कळत होतं. ठिगळाशी ती पोचली तेव्हा तिचा हात थांबला. मग तिने ब्रश दाबून फिरवला. फेस आला, आणि शांतपणे विरून गेला.

"काही नाही," सायकलवाला म्हणाला.

"पुन्हा बघते."

"बघा. पण काही नाही. कडा एका बाजूने किंचित उचललीय, तेवढंच. शिवणीही कोरड्या, व्हॉल्व्हही ठीक. आज रात्रभर अशीच राहू द्या. सकाळी टम्म असली तर मग काय भानगडच नाही."

सकाळी डावी नळी बसली होती. पार नाही, पण बोटाने दाबली की खड्डा पडत होता.

दुसऱ्या संध्याकाळी तोच खेळ. पंप, साबण, ब्रश. एक बुडबुडा नाही.

"ही होडी आमच्या घरधनीणबाईंवर गेलीय," सायकलवाला कपाळ पुसत म्हणाला. "सकाळी तोंड पाडून बसते, पण कशाने ते सांगत नाही."

"सांगू का तिला, तू काय म्हणालास ते?" माई म्हणाल्या.

"नको हो माई! मग मलाच ठिगळं लावावी लागतील."

तो गेल्यावर सूनबाई होडीपाशीच बसून राहिली. "ठिगळच आहे," ती म्हणाली. "वरून दिसत नाही, पण तिथूनच. कडा उचललीय म्हणाले ना ते."

"झोप आता," माई म्हणाल्या.

माईंचा नेम फार जुना होता. पहाटे उठायचं, तोंड धुऊन आसनावर बसायचं, जप करायचा, आणि समोरच्या भिंतीवरून खाली उतरणारं ऊन घड्याळाला टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ढगाळ दिवस असला तर मात्र त्या चोरून घड्याळातली वेळच बघायच्या, आणि मुलगा म्हणायचा, "माई, देवाने बघितलं हं!" त्यांच्या हातवाऱ्यांवरून चहा हवा की नको हे त्याला कळायचं. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशीही माई आसनावरच होत्या. दारातून म्हणाला, "येतो गं माई." त्यांनी माळ धरलेला हात वर केला. आकाश जरा गढुळलेलं दिसत होतं. सांभाळून जा, असं ओठांपर्यंत आलं होतं. पण ऊन अजून छताशीच होतं.

सायकलवाला दुसऱ्यांदा येऊन गेला त्यानंतरच्या पहाटे माई खिडकीशी सरकवलेल्या आसनावर बसल्या. जागा नवी होती, पाठीशी होडीचं मागचं टोक आलं होतं. हवेत गारवा होता. रस्ता निजलेला. माळेचे मणी सरकत होते, आणि मण्यांच्या मधल्या फटीत त्यांना तो आवाज ऐकू आला. बाळ झोपेत श्वास सोडतं इतका बारीक. थांबायचा, पुन्हा यायचा.

त्यांनी माळ मांडीवर ठेवली आणि वळल्या. कान जवळ नेला. आवाज ठिगळाकडून येत नव्हता. ठिगळ पार पुढे, आणि हा अगदी मागून, होडी उचलायची जी कडी असते तिच्या खालून. कडी बसवलेली रबराची रुंद पट्टी नळीवरून वेढा घेऊन गेली होती. माईंनी पट्टीपाशी गाल नेला. गार झुळूक लागली. बोटाने पट्टी जराशी उचलली तर ती मधोमध सुटलेली होती, आणि तिच्याखाली दोन भोकं होती. एकमेकांपासून बोटभर अंतरावर. कडांना तपकिरी गंज.

संध्याकाळी नळी टम्म भरली की ही पट्टी ताणून घट्ट बसायची, म्हणून साबणाचा फेस तिथे निमूट राहायचा. रात्रीच्या गारव्याने आतली हवा आक्रसली, नळी सैलावली, की पट्टीही सैलावायची आणि हवा वाट काढायची. दिवसा गडबडीत कुणाला ऐकूही आलं नसतं.

माईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. पिशव्या, तंबूची कापडं, पडदे. सुई एका बाजूने आत जाते आणि बोटभरावर बाहेर येते, तो टाका त्या झोपेतही ओळखल्या असत्या. आणि हा टाका होता. खालून वर आलेला. होडी उलटी असताना कुणीतरी कडीत आकडा अडकवला होता, ओढायला. टोक कडीतून पुढे जाऊन नळीत शिरलं होतं आणि बाहेर आलं होतं. नावाड्यांचा गंजका आकडा. होडी काठाला आणताना.

म्हणजे पाण्यात ती फुगलेलीच होती. ठिगळाने धरलं होतं. त्या दिवशी ठिगळाने शेवटपर्यंत धरलं होतं.

माईंना वाटलं आता हलकं वाटेल. वाटलं नाही.  वर्षभर त्या तोंडाने काही बोलल्या नव्हत्या, पण मनातल्या मनात रोज त्या ठिगळावर बोट ठेवून आल्या होत्या. जप करताना देवाकडे बघायच्या ते शांतपणे, कारण दोष कुणाचा ते ठरलेलं होतं. आता बोट कुठे ठेवायचं? वारा होता, पाणी होतं, आणि ज्याने वारा पाठवला तो होता. त्याच्याशी इतकी वर्षं न चुकता बोलत आलेल्या माईंना त्याला काय विचारायचं ते एकदम सुचेना.

आणि दुसरंही एक होतं. ही मुलगी मोकळी होणार. मोकळी झाली की जाणार.

ऊन घड्याळाला टेकलं. स्वयंपाकघरातून सूनबाई आली, केस बांधत, आणि आधी नळीच दाबून बघितली. खड्डा पडला.

"पुन्हा!" ती म्हणाली. "माई, तुम्ही तर पहाटेपासून इथेच होता. काही आवाज आला का हो? फुस्स वगैरे?"

मौन सुटलं होतं. माईंनी माळ डब्यात ठेवली.

"चहा ठेव गं," त्या म्हणाल्या. "घसा कोरडा पडलाय."

खोटं काही बोलल्या नव्हत्या. दिवसभर त्या स्वतःला हेच सांगत राहिल्या. कपड्यांच्या घड्या घातल्या, विस्कटल्या, पुन्हा घातल्या. संध्याकाळी सायकलवाला पुन्हा हवा भरून गेला. जेवताना माईंनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. सूनबाईने मीठ कमी पडलं का म्हणून विचारलं. माई म्हणाल्या, नाही, ठीक आहे. दुसऱ्या पहाटे आसनावर बसल्या तर पाठीमागे तो श्वास होताच. मण्यामण्याला येत होता. त्यांनी नाम मोठं केलं मनात, तरी येत होता. ज्या शांततेत इतकी वर्षं देव ऐकला, त्या शांततेत आपण एक गोष्ट लपवून बसलो आहोत, हे त्यांना कळत होतं, आणि तरी ऊन टेकल्यावर त्या उठून निमूट स्वयंपाकघरात गेल्या.

त्या रात्री सूनबाई म्हणाली, "उद्या ठिगळ काढते. उपटून खाली काय आहे ते बघते. बस झालं."

तिसऱ्या पहाटे माई आसनावर होत्या तेव्हाच ती उठून आली. दिवा लावला. हातात केस वाळवायचं यंत्र आणि पातळ पातं. होडीपाशी मांडी घालून बसली आणि यंत्राची गरम हवा ठिगळावर सोडली, गोंद नरम व्हावा म्हणून. पाठमोरी होती. खांदे आवळलेले. मग यंत्र बंद करून तिने पात्याचं टोक त्या उचललेल्या कडेखाली सरकवलं.

एकदा उपटलं की ते सुटलेलंच. मग ते धरून होतं की नव्हतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. ती जन्मभर हेच म्हणणार, बघा, किती सहज निघालं. माईंचा हात आपोआप वर झाला. तसाच, माळ धरलेला. त्यांनी तो हात पाहिला.

"थांब," माई म्हणाल्या.

सूनबाई दचकली. पातं हातातून चादरीवर पडलं. तिने आधी भिंतीकडे बघितलं. ऊन अजून भिंतीवर आलंच नव्हतं, बाहेर नुसतं उजाडत होतं.

"माई... तुमचं मौन..."

"असू दे. इकडे ये. इथे कान लाव."

ती गुडघ्यांवर सरकत आली. माईंनी तिचं डोकं धरून कडीपाशी नेलं. तिने श्वास रोखला. मग तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते माईंनी बघितलं नाही, त्या पट्टी उचलण्यात गुंतल्या होत्या. "हे बघ. दोन भोकं आहेत. आत गेलंय आणि बाहेर आलंय. गंज दिसतोय ना? आणि टाका खालून वर आहे. होडी उलटी असताना ओढलीय तिला, आकड्याने. काठावर आणताना. तोवर हिच्यातली हवा गेली नव्हती. तुझं ठिगळ धरून होतं, पोरी."

सूनबाईने भोकांवर बोट ठेवलं. आवाज थांबला. उचललं, सुरू झाला. असं तिने बऱ्याचदा केलं. मग बोट तसंच ठेवून, वर न बघता म्हणाली,

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"परवा मी विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"तुम्ही चहा ठेव म्हणालात."

"हो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"का?"

 "तुझ्यावर रागवायची सवय झाली होती मला," माई म्हणाल्या. "मनातल्या मनात. ती सुटली की मग त्यालाच विचारावं लागणार होतं." त्यांनी आसनाकडे बघितलं. "ते माझ्याने होईना."

"मला वाटायचं, तुम्ही मला माफ केलंय, म्हणून बोलत नाही."

"माफ कसलं करायचं? तू काही केलंच नव्हतंस."

सूनबाई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. मग पाणी सुटल्याचा, बराच वेळ. मग काहीच नाही. माई जागच्या हलल्या नाहीत. ती आता काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. ऊन भिंतीवरून उतरत घड्याळाला टेकलं आणि खालीही गेलं.

ती आली ती स्पिरिटची बाटली, सँडपेपर आणि गोंदाची नळी घेऊन. डोळे लाल होते.

"पट्टी धरा," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. मधे सोडायची नाही."

माईंनी पट्टी धरली. सूनबाईने उरलेली हवा काढली, भोकांभोवतीची जागा घासली, स्पिरिटने पुसली. ठिगळाचा तुकडा कापला, त्याचे कोपरे गोल केले.

"गोल कशाला?" माईंनी विचारलं.

"कोपरा असला की तो आधी उचलतो."

गोंदाचा एक थर दिला, सुकू दिला. दुसरा दिला. बोट लावून बघितलं, चिकटेल पण ओढणार नाही इतका झाला, तेव्हा ठिगळ बसवून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत नेलं. माईंची बोटं भरून आली, पण त्यांनी पट्टी सोडली नाही.  शेवटी सूनबाईने पट्टी परत चिकटवली, त्यावर वजन म्हणून दोन जाड पुस्तकं ठेवली आणि माईंचे हात आपल्या हातात घेऊन बोटांना चिकटलेला गोंद स्पिरिटने पुसून काढला. एकेक बोट.

संध्याकाळी सायकलवाल्याने पंप मारला. "सापडलं कसं काय?" त्याने विचारलं.

"माईंना ऐकू आलं," सूनबाई म्हणाली, आणि तेवढंच म्हणाली.

पहाटे माई आसनावर बसल्या. पाठीमागे शांत होतं. त्यांनी हात मागे नेऊन नळी चाचपली. दगडासारखी घट्ट. मौन त्यांनी आज धरलं नव्हतं. मौनाची आपण लपायची जागा केली, काही दिवस ते राहू दे, असं देवाला मनातच सांगितलं होतं. नाम घेतलं, आणि मध्येच थांबून जे वर्षभर विचारलं नव्हतं ते विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा नाम घेतलं.

सूनबाई बाहेर आली ती कपडे करून, खांद्याला पिशवी. पहिल्या गाडीने मालकीणबाईंकडे जायचं होतं. तिने वाकून कडीखालचं नवं ठिगळ दाबलं. मग पुढे गेली आणि जुनं. त्याच्यावर तळवा ठेवून जरा थांबली.

"मी त्यांना हो म्हणायला चाललेय, माई," ती दारातून म्हणाली. "तुम्हाला एकटं टाकणार नाही, काहीतरी बघू. पण हो म्हणणार आहे. येते."

आणि उत्तराची वाट न बघता ती वळली. या वेळी या घरात उत्तर मिळायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. ऊन अजून छताशीच होतं.

"सांभाळून जा गं," माई म्हणाल्या.

सूनबाईचा हात दाराच्या कडीवरच राहिला. मग तिने पिशवी खांद्यावर सारखी केली.

"हो माई," ती म्हणाली. "जाते सांभाळून."